हिंगाच्या डबीतलं स्टेशन

“वहिनी, फार झालं. आता हे बंद करा.”

प्रभुदेसाई साहेबांनी हातातला कागद टीपॉयवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा चष्मा ठेवला. कागद उडू नये आणि विषयही.

सांगलीत विश्रामबागला त्यांच्या बंगल्यात आमच्या हॅम क्लबची बैठक भरायची. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन लायसन्स काढायचं, घरी सेट बसवायचा आणि जगातल्या अनोळखी माणसांशी बोलत बसायचं. क्लबात तेरा पुरुष आणि मी. ते तेराजण एकमेकांना कॉलसाइननं हाक मारत, म्हणजे लायसन्सवर मिळालेल्या खुणेच्या अक्षरांनी. मला मात्र सगळे वहिनी म्हणत. लायसन्स माझं होतं. माझ्या नवऱ्याला तर रेडिओवरच्या बातम्यांचाही कंटाळा. तरी मी वहिनीच.

“काय बंद करू?” मी विचारलं.

“तुमची ती हिंगाची डबी.”

कागदावर एक छापलेलं चित्र होतं. काळ्या पडद्यावर पांढरी तुटक रेघ. ती माझी कॉलसाइन होती, मोर्सच्या टिंब-रेघांत, आणि ती दिसत होती ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाच्या स्क्रीनवर.

“ही तुमची अक्षरं आहेत, मी नाकारत नाही,” साहेब म्हणाले. “पण ती त्या डबीतून गेलेली नाहीत. माझा सेट शंभर वॅटचा आहे. गच्चीवर टॉवर आहे. या महिन्यात मला तिकडचं चिटपाखरू मिळालं नाही. आणि तुम्ही झिरोच्या बल्बच्या हजाराव्या हिश्शात तिथं पोहोचलात?”

“हो.”

“नुसतं हो?”

“आणखी काय म्हणू? पोहोचले.”

रमजान मुजावरांना चहाचा ठसका लागला. मिरजेत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. क्लबात मला पहिल्यापासून खुर्ची सरकवून देणारा तो एकच माणूस. साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

“मला वाटतं, कुणीतरी मोठ्या सेटवरून यांची कॉलसाइन पाठवतंय. प्रेमानं असेल. भाऊ म्हणून असेल. पण तो गुन्हा आहे.”

“साहेब,” मुजावरभाऊ तोंड पुसत म्हणाले, “माझ्या सेटवरनं माझाच आवाज मिरज स्टेशनाच्या पलीकडं जात नाही. मी दुसऱ्याचा कुठं पाठवू?”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

“मी अध्यक्ष आहे. उद्या हे बाहेर गेलं तर नाव क्लबचं जाईल. मला दिल्लीला कळवावं लागेल. तुमचं लायसन्स जाईल आणि ज्यानं मदत केली त्याचंही. त्यापेक्षा सोपी गोष्ट सांगतो. एक दिवस डबी बंद ठेवा. तिकडची रेघ नाहीशी झाली, तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.”

मागणी अगदी वाजवी होती. कुणीही शहाण्या माणसानं हो म्हटलं असतं.

“बंद करणार नाही,” मी म्हणाले.

“का?”

“लायसन्स चालवायचं मिळालंय. बंद करून दाखवायचं नाही.”

उत्तर मूर्खपणाचं होतं, ते माझं मलाच ऐकू आलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. साहेबांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

“ठीक आहे. दसऱ्याला सोनं द्यायला सगळे इथं जमतील. तोवर विचार करा.”

---

डबी खरंच हिंगाची होती. चपटी, पत्र्याची, कितीही घासली तरी आतून वास येणारी. त्यात मी एक चिमुकलं स्टेशन बसवलं होतं: दोन-तीन ट्रान्झिस्टर, हातानं गुंडाळलेली एक कॉइल आणि मधोमध नखाएवढ्या चकचकीत पत्र्याच्या आवरणातला क्रिस्टल. रेघ कुठल्या उंचीवर उमटायची ते हा क्रिस्टल ठरवतो. डबी कुणाशी बोलत नसे. पुन्हा पुन्हा माझी कॉलसाइन पाठवायची, बस्स. तीही इतकी सावकाश, की दुसऱ्याची दहा अक्षरं होतील तेवढ्यात माझं एक टिंब व्हायचं. माणसाच्या कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही. कॉम्प्युटर मात्र चिकाटीनं कान लावून बसतो आणि खरखरीतून जे हाती लागेल त्याची रेघ काढतो.

असा कान लावून बसणारा एकजण होता कॉलिन. पर्थजवळच्या गावात राहायचा, मेंढ्यांची लोकर कापायची यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला. त्याच्या स्क्रीनचं चित्र दर काही मिनिटांनी इंटरनेटवर यायचं, कुणीही पाहावं. त्याची पहिली मेल एका ओळीची होती: ‘आज माझ्या न्याहारीला तुझी रेघ आली होती.’ ती ओळ मी कणीक मळता मळता वाचली आणि कणकेत पाणी जास्त झालं.

हे सगळं मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. आमच्या कुपवाडच्या घराखाली ह्यांचं लेथचं वर्कशॉप. वर स्वयंपाकघर, खाली खडखडाट. जुन्या बाजारात मिळालेली पुस्तकं आणि मुजावरभाऊंचे टोमणे एवढ्यावर माझं शिक्षण झालं. मोर्स पाठ केला तो पोळपाटावर लाटणं आपटून.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांनी एकदाच माझ्या कामाची चौकशी केली होती.

“ही डबी काय करती गं?”

“माझं नाव सांगते.”

“कुणाला?”

“जो ऐकेल त्याला.”

“मग?”

“मग काही नाही.”

“आन् दिसभर हेच?”

“दिवसभर.”

आत्तींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “जमतंय बाई तुला,” म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.

---

खंडेनवमीला आमच्या घरात देवापेक्षा यंत्रांचा मान मोठा. आदल्या संध्याकाळपासून लेथ, ड्रिल, ग्राइंडर रॉकेलनं पुसून लख्ख करायचे. सकाळी हळदीकुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा, नारळ. त्या दिवशी कुठलंच यंत्र चालवायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही. वर घरातही तेच. शिलाई मशीन, मिक्सर, इस्त्री सगळे रांगेत बसायचे. विळी आणि सुरीही पूजेत, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची.

मी रांगेतल्या मिक्सरला झेंडू घालत होते. आत्तींचं बोट खिडकीकडे गेलं. खिडकीच्या कट्ट्यावर डबी, शेजारी स्कूटरची बॅटरी, आणि डबीवरचा लाल दिवा चालू.

“ते बी बंद कर आता.”

“ते नाही आत्ती.”

“आगं, लेथ बंद, मिक्सर बंद, कारखान्याचा भोंगा बंद. तुझी डबी काय आभाळातनं पडली?”

“तिकडंच चाललीय ती.”

ह्यांनी जिन्यातून मान वर काढली. हाताला रॉकेल, कपाळाला गंध. “अगं, एक दिवसाचा प्रश्न आहे...”

“तुम्ही मध्ये पडू नका.”

मान खाली गेली.

“माझ्या सासऱ्यापास्नं खंडेनवमीला या घरात चाक फिरलं न्हाई,” आत्ती म्हणाल्या. “दंगलीच्या साली बी न्हाई, पुराच्या साली बी न्हाई. हत्यार वरीसभर राबतंय. येक दिस तर जीव घिऊ दे त्याला.”

“यात चाक नाहीच, आत्ती.”

“जीभ तर हाय!”

माझी म्हणाल्या की डबीची, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. पदर खोचून पुढं आल्या आणि हात डबीच्या वायरकडे गेला. मी मध्ये उभी राहिले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांच्या वाटेत अशी मी कधी उभी राहिले नव्हते. दोघींमध्ये वीतभर अंतर. त्यांच्या अंगाला कापराचा वास होता.

“बंद होणार नाही,” मी म्हणाले. “आज नाही, उद्या नाही. कुणीही सांगितलं तरी.”

“कुणीही म्हंजे मी बी?”

“तुम्ही पण.”

आत्ती वळल्या. हळदीकुंकवाची कोयरी उचलली आणि खाली वर्कशॉपकडे निघून गेल्या. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मला घरात थांबवेना. पिशवी घेतली आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले. जाताना मनात एकच होतं: परत येईन तेव्हा वायर ओढलेली असेल. त्यानं साहेबांची परीक्षा आपसूक झाली असती, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. भांडण कशासाठी सुरू केलं ते विसरून जाण्याची माझी जुनी सवय आहे.

परत आले तर लाल दिवा चालूच होता. टोपण लावलेलं. बॅटरी जागच्या जागी. आत्ती भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या.

“जेवायला वाढू?”

“भूक न्हाई.”

दिवसभर त्यांनी माझ्याशी एवढेच दोन शब्द खर्चले.

---

दसऱ्याला दुपारी क्लबात सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. साहेबांनीही मला पान दिलं, आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“काल दिवसभर मी कॉलिनचं चित्र पाहत बसलो होतो,” ते म्हणाले. “सणावारी घरच्यांच्या शिव्या खाऊन. हे बघा.”

माझी रेघ एका उंचीवर सरळ चालली होती. सकाळच्या एका जागी ती अचानक खाली कोसळली. थोडा वेळ खालीच चालली. मग जराशी वर सरकली, पण मूळच्या जागी गेली नाही. तिथून पुढं दिवसभर तशीच, किंचित खाली.

“क्रिस्टलवर चालणारी रेघ ऊनपावसानं हळूहळू सरकते. अशी उडी मारत नाही. उडी मारते ती बटण फिरवल्यावर. डबीला बटण आहे?”

“नाही.”

“तुम्ही काल डबीला हात लावलात?”

“नाही. मी त्या वेळी बाजारात होते.”

“मग सेट चालवणारा माणूस दुसरा कुणीतरी आहे, वहिनी. हे चित्रच सांगतंय.”

मी मुजावरभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, माझ्याइतकेच बुचकळ्यात पडलेले. खरं म्हणजे साहेबांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तीच मोठी पंचाईत होती.

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. आवाज खाली आणला. “मला तुमचा अपमान करायचा नाही. तुम्ही दुसऱ्यांदा बसून ती परीक्षा पास झालात, घरचं सगळं सांभाळून. मला ठाऊक आहे. एक ओळ लिहून द्या. ‘माझ्याकडून चूक झाली.’ दिल्लीला काही जाणार नाही. मुजावरांचंही वाचेल.”

पेन त्यांनीच उघडून दिलं. चांगलं होतं पेन, जड. मुजावरभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचा मुलगा त्या वर्षी लायसन्सच्या परीक्षेला बसणार होता. मी पेन हातात घेतलं आणि टोपण लावून परत ठेवलं.

“रेघ का हलली ते मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पण ती माझीच आहे. घरी चला.”

“म्हणजे डबी बंद करताय?”

“नाही. बघायला चला म्हणतेय.”

“सणाच्या दिवशी?”

“कडाकण्या उरल्यात. खायला घालते.”

मुजावरभाऊंनी किल्ली काढली. “चला साहेब. चौकशी म्हणा, फराळ म्हणा.”

---

आम्ही जिना चढून वर आलो. साहेब, मुजावरभाऊ, क्लबातले आणखी दोघे, आणि मागून आमचे हे, काय झालंय ते न कळता प्रत्येकाला सोनं देत. मी डबीसमोर उभी राहिले आणि टोपण उचललं.

हिंगाचा वास आला. आणि त्यात मिसळलेला हळदीचा.

क्रिस्टलच्या चकचकीत पत्र्यावर हळदीचं एक ठसठशीत बोट होतं. त्यावर कुंकवाचं. ओलं लावलेलं, आता वाळून तडकलेलं. दोन्ही बाजूंनी ओघळ खाली पायांपर्यंत गेले होते. कॉइलच्या वेटोळ्यात एक अक्षत अडकली होती.

“आत्ती!” मी हाक मारली.

आत्ती पदर सावरत आल्या. एवढे पुरुष बघून दारातच थांबल्या.

“हे तुम्ही केलंत?”

त्यांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताठ झाल्या. “व्हय. मग? मोडलं का ते?”

“मोडलं नाही. पण टोपण कशाला उघडलंत?”

“टोपणावरनं कुंकू लावत्यात का देवाला? उघडलं. आत बघती तर मधी ह्यो एवढा चांदीचा टाक. आमच्या खंडोबाच्या टाकासारखा. लावलं बोट.”

“डबी चालू असताना?”

“तू बंद न्हाई करायचं म्हनालीस न्हवं?” त्या एकदम उखडल्या. “आन् मी काय करू? वरसाचा सण, सगळ्या हत्यारांना हळदीकुंकू, आन् घरच्या सुनंचं हत्यार तेवढं कोरडं ठिवू? चालू तर चालू. म्हनलं, चालू देवाला लावू. चटका बसला तर बसला.”

कॉइलमधली अक्षत काढायला मी हात नेला आणि तसाच मागं घेतला.

साहेब पुढं झाले. कागद उलगडला. “आजी, हे किती वाजता केलंत?”

“घड्याळ बी पूजेत व्हतं.”

“नारळ फोडला त्याच्या आधी,” हे मागून म्हणाले. “नऊच्या सुमारास.”

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. रेघेची उडी तिथंच होती. ते बराच वेळ त्या जागी बघत राहिले. चाळीस वर्षं विजेच्या यंत्रांत काढलेला माणूस. त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. अंगाचा स्पर्श आणि ओली हळद, क्रिस्टलला तेवढा भार पुरतो: बोट होतं तोवर रेघ खाली, उचललं तेव्हा थोडी वर, आणि उरलेला फरक हळदीचा.

“आजी,” ते म्हणाले, “आत्ता पुन्हा तसंच बोट लावाल?”

“आज?”

“आज.”

“आज दसरा. आज हत्याराला हात लावायला हरकत न्हाई.” आत्तींनी बोट पदराला पुसलं आणि क्रिस्टलवर टेकवलं. “असं?”

“असंच. हलवू नका.”

कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर मी सुरू केला. कॉलिनचं चित्र यायला वेळ लागायचा. पाचजण एका स्क्रीनसमोर दाटीवाटीनं उभे. तिकडे खिडकीशी आत्ती, डबीवर बोट टेकवून, कंदील धरल्यासारख्या. कुणी कडाकण्यांना हात लावला नाही.

“कुणाची वाट बघताय?” आत्तींनी विचारलं.

“ऑस्ट्रेलियाची,” मुजावरभाऊ म्हणाले.

“लांब हाय का?”

“समुद्राच्या पलीकडं, आजी.”

“मग लागंल येळ.”

चित्र आलं. रेघ सरळ चालली होती आणि टोकाला खाली कोसळली होती.

“उचला बोट,” साहेब म्हणाले. आवाज कुजबुजीएवढा. मग थोड्या वेळानं, “ठेवा.” पुन्हा, “उचला.” पुढचं चित्र आलं तेव्हा रेघ वर गेली होती, खाली आली होती, वर गेली होती. मुलानं पाटीवर पहिल्यांदा डोंगर काढावेत तशी.

“हे माझ्या बोटानं?” आत्ती म्हणाल्या.

“तुमच्या बोटानं.”

“तिकडं दिसलं?”

“सगळ्या जगाला दिसलं, आजी. कुणीही बघू शकतं.”

आत्तींनी आपल्या पिवळ्या बोटाकडे पाहिलं, आणि विचारल्याशिवाय ते परत क्रिस्टलवर टेकवलं.

साहेबांनी कागदाची घडी घातली, फाडला, तुकडे स्वतःच्याच खिशात ठेवले. “व...” म्हणाले आणि थांबले. मग हवेत कॉल देताना देतात तशी माझी कॉलसाइन एकेक अक्षर सुटं करून पूर्ण उच्चारली. आमच्यात याला हाक मारणं म्हणतात. मुजावरभाऊंना एकाएकी नाक खाजवावंसं वाटलं.

“पण मला एक सांगा,” साहेब म्हणाले. “एवढं खरं होतं तर त्या दिवशी एका बटणात मिटलं असतं. बंद का केली नाहीत?”

आता मला उत्तर माहीत होतं. बैठकीत नव्हतं.

“साहेब, बारावीनंतर कॉलेज बंद केलं, स्थळ आलं म्हणून. पेटी शिकत होते, मामंजी झोपतात म्हणून बंद केली. टायपिंगचा क्लास लावला, पाव्हणे आले म्हणून बंद केला. प्रत्येक वेळी ‘जरा बंद कर’ म्हणणारं माणूस चांगलंच होतं, आणि कारणही चांगलंच होतं. तुमचंही चांगलंच होतं. म्हणून बंद केली नाही.”

हे जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. पेटी कुठं गेली ते त्यांनाच ठाऊक होतं.

आत्ती खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. “बंद कर म्हनायची सवयच लागती जिभंला,” त्या म्हणाल्या. “मला बी सासूनं लावली.” मग जरा थांबून, “हाताला मुंग्या आल्या गं. काढू का बोट?”

“काढा आजी, काढा,” साहेब घाईनं म्हणाले. “झालं सगळं. सिद्ध झालं.”

“राहू द्या आत्ती,” मी म्हणाले. “अजून एक चित्र येऊ द्या.”

आत्तींनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“राहू दे म्हनती,” त्या साहेबांना म्हणाल्या आणि बोट आणखी दाबून धरलं.

पुढचं चित्र आलं. रेघ अजून थोडी खाली गेली होती, आणि तिथं ठाम उभी होती.